ओठाचा डावा कोपरा

माणसाचे डोळे डोक्याच्या बरोबर मधोमध असतात. हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं, आणि खरं सांगायचं तर अजून नीट पटलेलं नाही. तुम्ही अंक जरा बाजूला ठेवा आणि आरशापुढं उभे राहा. टाळूपासून डोळ्यापर्यंत एक दोरा धरा, डोळ्यापासून हनुवटीपर्यंत दुसरा. दोन्ही सारखेच भरतील. मी घरातल्या, गल्लीतल्या, बाजारातल्या मिळेल त्या डोक्याला दोरा लावून बघितला. एकही डोकं माझ्या बाजूनं बोललं नाही.

अंकवाल्यांनी धंद्यातले अनुभव लिहायला सांगितलं म्हणून लिहितोय. शिकलेला माणूस मी नाही. चौथीत असताना पाटीवर मास्तरांचं तोंड काढलं. ते सगळ्या वर्गानं ओळखलं, मास्तरांनीही ओळखलं आणि मला बडवलं. त्यानंतर शाळेत गेलो नाही. ते तोंड तेव्हा ओळखू कसं आलं, हे मात्र मला आज धाराशिवात पुतळे करणारा म्हणून चार लोक ओळखत असतानाही सांगता येत नाही. ह्या लेखात तुम्हाला जागोजाग असंच वाटेल की म्हाताऱ्याचा गोंधळ झालाय. झालाच आहे.

आमच्या घरात पिढीजात काम मुखवट्यांचं. कागदाचा लगदा, चिंचोक्याची खळ आणि वरून रंग. देवीचे, खंडोबाचे मुखवटे. देवाच्या तोंडाचा हिशोब वेगळा असतो. डोळे मोठे आणि वर, अगदी कपाळाला जाऊन भिडलेले, म्हणजे लांबून बघणाऱ्याला देव आपल्याकडंच बघतोय असं वाटतं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. आणि मुखवट्याला मागं काही नसतं. मागं असतो कळस, नाहीतर लाकूड, नाहीतर साडी. माझ्या हाताला ही सवय वयाच्या सातव्या वर्षापासून.

पुढं लोक माणसांचे पुतळे मागायला लागले. म्हातारा गेला की पोरं शेतात समाधी बांधतात, त्यावर छातीपर्यंतचा पुतळा बसवतात. फोटो आणून देतात. मी सळईचा सांगाडा उभा करतो, त्यावर शाडू चढवून डोकं घडवतो, घरच्यांना दाखवतो, ते हो म्हणाले की प्लास्टरचा साचा काढतो आणि साच्यातून फायबरचा पुतळा. साचा काढताना मातीचं डोकं फुटतं. म्हणजे ज्याच्यावर महिनाभर जीव लावला ते शेवटी घमेल्यात जातं, आणि त्याच मातीतून पुढचा कुणाचा तरी बाप उभा राहतो. बाहेरच्या माणसाला हे ऐकून कसंतरी वाटतं. आम्हाला काही वाटत नाही.

तर गोष्ट सुरू झाली भूम तालुक्यातल्या ईटला. तिथल्या एका घरातल्या तात्यांचा पुतळा मी केला होता. फेटा नव्हता, उघडं डोकं होतं. हार-तुरे झाले, भाषण झालं. पाहुण्यांत धाराशिवच्या कॉलेजात शरीररचना शिकवून निवृत्त झालेले एक वैद्य सर होते. बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर चढवून बघायची सवय. ते पुतळ्याच्या समोर थांबले, मग बाजूला गेले, मग मागं गेले. तिथूनच त्यांनी विचारलं, "कलाकार कोण?"

मी छाती काढून पुढं झालो.

"समोरून उत्तम आहे," सर म्हणाले. "पण ह्यांचा मेंदू कुठं ठेवलात?"

लोक हसले. मीही गप्प बसणारा नाही. म्हटलं, "सर, मेलेल्या माणसाला मेंदू कशाला लागतोय?"

लोक आणखी हसले, सरही हसले. पण परतीच्या एसटीत मी सगळा रस्ताभर स्वतःच्या डोक्याच्या मागून हात फिरवत बसलो. मागं खरंच बरंच काही होतं. कानाच्या मागं जवळजवळ कानापुढं आहे तेवढंच. आणि मी तात्यांचं डोकं कानाच्या मागं भिंतीला टेकवल्यासारखं सपाट कापलं होतं. इतकी वर्षं, इतकी डोकी, सगळी तशीच. मी माणसांच्या नावानं मुखवटेच करत होतो.

दुसऱ्या आठवड्यात सरांच्या घरी गेलो. शिकायला नव्हे, भांडायला. त्यांनी चहा दिला आणि टेबलावर कवटी ठेवली. पोरांना शिकवायची, प्लास्टरची. मी हातात घेतली आणि पहिलं काय बोललो असेन, तर "साच्याची शिवण घासलेली न्हाय. कच्चं काम हाय."

"शिवण सोडा," सर म्हणाले. "डोळ्यांची खोबण कुठं आहे सांगा."

"मधे."

"मग तुमच्या तात्यांचे डोळे कपाळात कसे?"

"ही कवटी कुणाची तरी एकाची आसंल. सगळ्यांचं आसंच आसतं कशावरनं?"

"सगळ्यांचं असंच असतं."

"माजं न्हाय."

सरांनी आतून दोरा आणला. माझंही तसंच निघालं. मी म्हटलं दोरा ताणला गेला. त्यांनी दोरा माझ्या हातात दिला, म्हणाले, "तुम्ही मोजा." मी स्वतः मोजलं. मग चहा पिऊन निघून आलो. चार दिवसांनी परत गेलो आणि मग दोन वर्षं जात राहिलो.

सर पुस्तक उघडत नसत, कारण मला वाचायला वेळ लागतो हे त्यांनी ओळखलं होतं. ते माझ्याच तोंडावर बोट ठेवून शिकवत. दातावर दात दाबा. जबड्याच्या कोपऱ्यावर टणक गोळा येतो, तो चावायचा स्नायू. कानशिलावर बोट ठेवा, तिथंही हलतंय. सगळ्या तोंडात हलणारं हाड एकच, खालचा जबडा. ओठाभोवती गोल स्नायू आहे, तो बटव्याच्या नाडीसारखा. नाडी ओढली की तोंड मिटतं. गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक दोरी आलेली आहे, माणूस हसतो तेव्हा ती कोपरा वर खेचते. ती दोरी मला लई आवडली. मी इतकी वर्षं हसणारं तोंड ओठांनी करत होतो. हसू गालातून येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

घरी मी सोजरच्या, म्हणजे बायकोच्या, समोर जेवायला बसायचो आणि तिच्या कानशिलाकडं बघायचो.

"आवं, घास मोजताय का माजे?"

"कडक भाकर खा की जरा. दाबून चाव."

"बेचाळीस वर्सांत तोंडाकडं नीट बगितलं न्हाय, आन् आता बगायचं तर जबडा बगतंय!" ती ताट घेऊन चुलीकडं तोंड करून बसायची. मग मला तिच्या डोक्याची मागची बाजू बघायला मिळायची. तीही कामाची होती. न्हाव्याच्या दुकानातही जाऊन बसायचो. फुकटात एवढी डोकी दुसरीकडं कुठं मिळणार? शेवटी न्हावी म्हणाला, "काका, कटिंग करायची नसंल तर उठा, गिऱ्हाईक बुजायलंय."

मग माझी डोकी सुधारली. मागं भरली, कान मागं सरकले, डोळे मधे आले. सर माझ्या कामाच्या शेडवर येत, बाजूनं बघत, मागून बघत, म्हणत, "आता मेंदू मावेल." मला अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू?

पण गोंधळ इथंच सुरू झाला. पूर्वी लोक माझी चुकीची डोकी बघायचे आणि पदर डोळ्याला लावायचे. आता बरोबर डोकी बघून म्हणायचे, "बरोबर हाय." मग जरा थांबून, "बरोबर हाय, पण..." त्या 'पण'च्या पुढं कुणाला काही सांगता येत नव्हतं, मला तर नव्हतंच. हाड जागेवर, स्नायू जागेवर, सगळी माणसं जागेवर, आणि ज्याला बोलवायचं तो आलेला नाही.

त्यात मी एक आगाऊपणा केला. ईटच्या तात्यांचं डोकं मनाला टोचत होतं. मी स्वतः होऊन गेलो, म्हटलं, तुमच्या बापाचं डोकं नवीन करून देतो, माझ्या पदरच्या पैशानं. थोरल्या मुलानं मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "का बरं?"

"डोळे वर गेलेत. मागं डोकं न्हाय."

तो पुतळ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "काका, आता आमाला तात्या आटवायचे म्हणलं तर हेच आटवतेत. तुमी दुसरे आणले तर त्यांना कुटं ठिवायचं?"

मी त्याला कवटीचं सगळं समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. आणि म्हणाला, "आसंल. पर नगं."

माझी चूक लोकांचा बाप झाली होती. आता ही चूक म्हणायची का काय म्हणायचं?

हे डोक्यात असतानाच अणदूरचं काम आलं. त्याचंच मला खरं सांगायचंय.

बसप्पा म्हणून एक दुकानदार होते, लिंगायत. त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात आणि वर समाधी बांधतात. पहिल्या पुण्यस्मरणाला समाधीवर पुतळा बसवायचा होता. मुलगा शिवलिंग फोटो घेऊन आला. दुकानाच्या उद्घाटनाचा फोटो, गल्ल्यामागं बसलेले, गाल भरलेले, मिशी झोकात.

"आसेच पायजेत," शिवलिंग म्हणाला. "शेवटची सा वर्षं त्यांना लकवा होता. तोंड वाकडं झालं होतं. ते आजिबात नको. शब्द द्या, काका."

मी शब्द दिला. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. वाकडं तोंड कोण मागतंय?

डोकं मन लावून केलं. फोटो समोरूनच होता, पण आता मला बाजू कळत होती. कवटीवरून गाल, गालावरून ओठ. शिवलिंग बघून खूश झाला. म्हणाला, "आता अव्वाला दाखवतो." अव्वा म्हणजे आई. त्यांच्या घरात निम्मं कानडी बोलतात.

अव्वा आली. ठेंगणी, कपाळाला विभूती. बाकावर बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"बरं हाय," म्हणाली.

मी विचारलं, "काय कमी हाय का?"

"कमी काय न्हाय."

आठवड्यानं एकटीच परत आली. दुधाच्या गाडीत बसून. मी माती वाळू नये म्हणून टाकलेलं ओलं फडकं काढलं. ती पुन्हा तशीच बसली. पुन्हा "बरं हाय." तिसऱ्या वेळेला आली तेव्हा माझा पारा चढला. मी म्हटलं, "अव्वा, बरं हाय म्हणता आन् परत येता. काय हाय ते सांगा. नाकापासनं कानापातूर एक बोट हिकडं-तिकडं न्हाय. कॉलेजच्या सरांनी तपासलंय."

ती म्हणाली, "आसंल. हे दुकानातले हायत. घरातले न्हाईत."

मी मातीवर परत फडकं टाकलं.

तडक सरांकडं गेलो. त्यांना लकव्याचं विचारलं. त्यांनी माझ्या कानाच्या खाली बोट ठेवलं. तिथून एक नस निघते आणि हाताची बोटं पसरावी तशी तोंडभर पसरते. पण बसप्पांची नस बिघडलेली नव्हती, झटका मेंदूत आला होता. अशा वेळेला कपाळ शाबूत राहतं, माणसाला भुवया उडवता येतात, पण त्या बाजूचा गाल आणि ओठ खाली उतरतो. गालाची ती दोरी सैल पडते. बटव्याची नाडी एका बाजूनं सुटते.

"मग सांगा सर," मी म्हटलं, "खरा चेहरा कोणता? दोरी ताणलेला का सैल झालेला?"

"हाडं दोन्हीकडं तीच," सर म्हणाले. "त्याच्या पुढचं माझ्या विषयात येत नाही."

दोन वर्षं ज्यांच्या पायाशी बसलो, त्यांनी ऐनवेळी असं सांगितलं. मी रागारागानं चहा न घेता आलो.

पुण्यस्मरण जवळ आलं होतं. साचा काढायला हवा होता. शब्द मुलाला दिलेला आणि तिसऱ्यांदा येऊन गेलेली ती बाई डोळ्यांपुढून हलत नव्हती. शेवटी मीच शिवलिंगला फोन करून सांगितलं, साचा काढतोय, आईला शेवटचं दाखवून घे.

त्यानं तिला आणून सोडलं आणि तो फायबरच्या रंगाचं विचारायला बाजारात गेला. शेडमध्ये मी, सोजर आणि ती. सोजरनंच विचारलं, "अव्वा, घरात ते कसे होते?"

"म्याच दाढी करायची त्यांची," ती म्हणाली. "सा वर्सं, रोज सकाळी. न्हावी यायला तयार हुता, पर त्यास्नी दुसऱ्याचा हात नको वाटायचा. बोलता येत न्हवतं. डोळ्यानं वस्तऱ्याकडं दाखवायचे." ती उठली आणि डोक्याजवळ गेली. "हात लावू का?"

मातीला कुणी हात लावलेला मला खपत नाही. सोजरलाही कधी लावू दिलेला नाही. पण मी म्हटलं, "लावा."

तिनं डोळे मिटले. दोन्ही तळवे गालांवर ठेवले, दाढी करायच्या आधी बघतात तसे. उजवा गाल झाला. कपाळावरून हात गेला, तिथं काही बोलली नाही. सर म्हणाले होते, कपाळ शाबूत राहतं. मग अंगठा ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर आणला आणि थांबली.

"हितं माझा आंगठा बसायचा," म्हणाली. "हे उतरलेलं हुतं. ह्ये असं वर धरलं की मग वस्तरा फिरायचा. आता धरायला कायच न्हाय."

डोळे मिटूनच ती अंगठ्यानं चाचपत राहिली. माती ओली होती. मला दिसत होतं की कोपरा खाली सरकतोय. एका तांदळाएवढा. मी "अव्वा, हात काढा" म्हणायला तोंड उघडलं. सोजरनं माझ्याकडं असं बघितलं की मी ते मिटलं.

अव्वानं डोळे उघडले, अंगठ्याची माती पदराला पुसली आणि म्हणाली, "बिघडलं का काय?"

"न्हाय," मी म्हटलं. "नीट करतो मी."

ती गेल्यावर कोरणी हातात घेतली. दोन मिनिटांचं काम. कोपरा वर उचलायचा, खळगा भरायचा, फडक्यानं गुळगुळीत करायचं. शब्द पाळला जाणार होता. मी कोरणी तिथं नेली आणि परत घेतली. पुन्हा नेली, पुन्हा घेतली. सोजर म्हणाली, "आवं, माशी मारताय का?" मी कोरणी पाण्याच्या डब्यात टाकली आणि प्लास्टर कालवायला घेतलं. का, ते विचारू नका. विचार करून केलं असतं तर नीट केलं असतं.

पुण्यस्मरणाला मी सरांना सोबत नेलं. शेत, समाधी, मांडव, जेवणावळ. पडदा काढला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. "हुबेहूब," "आता बोलतील," असं सगळे म्हणाले. शिवलिंग पुढं होऊन बघत होता. बघता बघता त्याची मान थोडी तिरकी झाली. तो माझ्याकडं वळला.

"काका, डावीकडं जरा उतरलंय का?"

"बग तूच."

"फोटोत न्हाय."

"न्हाय."

"तुमी शब्द दिला होता."

"दिला होता. मोडला."

असं सरळ कबूल करणारा मी नाही, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. तो काहीतरी जोरात बोलणार होता. आजूबाजूला पाहुणे होते म्हणून त्यानं दात दाबले. जबड्याच्या कोपऱ्यावर गोळा आला, कानशील हललं. सरांनी शिकवलेलं सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं. तेवढ्यात सर पुतळ्याच्या मागून फिरून समोर आले आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "डोकं एकदम बरोबर. ओठाचा डावा कोपरा मात्र चुकलाय."

"व्हय सर," मी म्हटलं. "चुकलाय."

पूजेसाठी अव्वाला पुढं आणलं. ताटात विभूती होती, बेल होता. ती समाधीच्या पायरीवर चढली. ताट खाली ठेवलं. विभूती लावायच्या आधी तिनं पदराचं टोक बोटावर घेतलं आणि पुतळ्याच्या ओठाचा डावा कोपरा टिपला. लाळ टिपतात तसा. मग सावकाश कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले.

तिनं काय केलं ते तिला कळलं नसावं. तिच्या हाताला कळलं. शिवलिंगला मात्र कळलं. तो खाली मान घालून मला म्हणाला, "सा वर्सं मी त्यांच्यासमोर बसून जेवलो न्हाय, काका." आणि पंगतीत वाढायला निघून गेला. परत ह्या विषयावर तो बोलला नाही, कोपरा नीट करून द्या म्हणूनही आला नाही.

आता तुम्ही म्हणाल, ह्यातून काय शिकलात? मला नाही सांगता यायचं. मी आजही सरांकडं जातो, हाडं-स्नायू विचारतो. ते शिकलो नसतो तर चांगल्या गालात आणि उतरलेल्या गालात काय फरक ते मला दिसलंच नसतं, आणि तो अंगठा मी चूक समजून पुसून टाकला असता. आणि शिकलो म्हणून तर तिला घरातला माणूस सापडत नव्हता. दोन्ही खरं आहे. ईटचे तात्या अजून कपाळातल्या डोळ्यांनी रस्त्याकडं बघतायत, तेही खरं आहे.

परतताना एसटीत मी सरांना विचारलं, "सर, तिचा अंगठा होता तिथं खाली कोणता स्नायू?"

सरांनी नाव सांगितलं. लांबलचक होतं. मी दोनदा म्हणून घेतलं. मग खिडकीबाहेर बघत माझाच अंगठा माझ्याच ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला, आणि तुळजापूर यायच्या आत ते नाव विसरून गेलो.